दात्याचा डबा

दर शनिवारी अकराच्या सुमारास पुष्पलता घोडबंदरहून बसने मिरा रोडला यायची आणि येताना पिशवीतून स्वतःचा वजनकाटा आणायची. विनिताच्या घरी काटा होता, चांगला होता. पण धाकट्या जावेच्या काट्यावर विश्वास ठेवायला पुष्पलता काही कालची पोर नव्हती. ती चपला काढायची, पाणी नको म्हणायची, हॉलच्या फरशीवर काटा ठेवून तो डगमगत नाही ना ते बघायची, आणि मग विनिताच्या नवऱ्याला म्हणायची, "या भावोजी, चढा."

यतीन शर्ट काढून चढायचा. बाजारात बोकड उभा करतात तसा आपला नवरा उभा केलेला बघून विनिताच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पुष्पलता मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून काट्यावरचा आकडा आपल्या नवऱ्याला दाखवायची. तिचा नवरा म्हणजे धर्मा, यतीनचा थोरला भाऊ. तो तिकडे घोडबंदरच्या घरात खाटेवर पडलेला असायचा. डोळे हळदीसारखे पिवळे, हातपाय काटकुळे, पोट तेवढं फुगलेलं. त्याचं लिव्हर कामातून गेलं होतं. तीन-चार महिने आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढ्यात घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा. यतीनचं रक्त जुळलं. पण यतीन शहाण्णव किलोचा, आणि त्याच्या स्वतःच्याच लिव्हरवर चरबी साचलेली. दोन महिन्यांत बारा किलो उतरवा, मग बघू, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं.

या दोन घरांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. सासूबाई पहाटे गेल्या आणि धर्माने धाकट्याला निरोप धाडला तो दुपारी. रिक्षा करून हे दोघं घोडबंदरला पोचेपर्यंत सरण विझत आलं होतं. शेतीवरून आदल्या महिन्यात दोघा भावांचं वाजलं होतं, म्हणून धर्माने ठरवलं की हा येऊन तमाशा करील. म्हणजे आईचं तोंड बघू न देणं हा तमाशा नव्हे! विनिताने त्या दिवसापासून त्या घरचं पाणी वर्ज्य केलं होतं. आणि आता अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे ते नवरा-बायको नारळ आणि साडी घेऊन तिच्या दारात उभे राहिले. धर्मा रडला. यतीनने त्याला मिठी मारली आणि इतक्या वर्षांत घरात न बोललेली गावची भाषा त्याच्या तोंडून आपोआप आली, "दादा, मी हाय ना."

स्वयंपाकघरात विनिताने जावेला विचारलं, "प्रणयची तपासणी केलीत का?"

प्रणय हा पुष्पलताचा मुलगा. सव्वीस वर्षांचा, रोज जिमला जाणारा, अंगावर चरबीचा कण नसलेला.

"तो पोर हाय अजून," पुष्पलता म्हणाली. "दिवाळीनंतर लगीन हाय त्याचा. पोटावर येवढी शिवण घेऊन उभा करू काय त्याला मांडवात?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. विनिताने नवऱ्याला त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "नाही म्हणा. तुम्हाला जमत नसेल तर मी म्हणते. मी दारात उभी राहते, बघू कोण काय बोलतं."

"सख्खा भाऊ आहे गं," यतीन म्हणाला.

ती चिडली, दोन दिवस भांडी आपटली, पण खोटं कशाला सांगा, आतून तिला नवऱ्याचा अभिमान वाटला. ज्याने आईची राखही धड बघू दिली नाही त्याला हा माणूस आपल्या पोटातला तुकडा काढून द्यायला निघाला होता. आपल्याला नसतं जमलं, हे तिला कळत होतं.

हॉस्पिटलच्या डाएटिशियन संचिता मॅडमनी कागद हातात दिला. भात, पोळी, भाकरी, साखर, बटाटा, फळं, सगळं बंद. अंडी, मासे, मटण, पनीर, पालेभाजी, लोणी, साजूक तूप, हे खा. विनिताने दोनदा विचारलं, "मॅडम, लिव्हरवर चरबी आहे म्हणून चरबीच खायची?" मॅडम हसून म्हणाल्या, आधी पिष्ट आणि साखर थांबवा, मग शरीर साठवलेलं जाळायला लागतं. बरं बाई. कागदावर सही-शिक्का होता, तेव्हा विनिताने डोकं लावणं सोडलं.

आणि मग तिने जे केलं ते कुणी सख्ख्या मुलासाठीही करणार नाही. सकाळी सहाला उठून तुपात अंडी. उत्तनहून येणाऱ्या कोळणीकडून सुरमई, बांगडे, हलवा, घासाघीस नाही. फ्लॉवर किसून त्याचा भात करायचा, आणि त्याला भात म्हणताना स्वतःची लाज वाटायची. कालवण खोबऱ्याचं, दाट. घरात भाताचं पातेलं चढवणं तिने बंदच केलं. त्याला वास नको म्हणून स्वतःही भात सोडला. पार्ल्याच्या माहेरी मऊ वरणभातावर वाढलेली बाई, दुपारी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून काकडी चावायला लागली. धर्मासाठी नव्हे. तो माणूस तिला आजही डोळ्यांसमोर नको होता. पण उद्या काही बरंवाईट झालं तर विनितामुळे झालं, असं म्हणायची सोय ती त्या घराला ठेवणार नव्हती.

पहिल्या दोन आठवड्यांत चार किलो उतरले. पुष्पलताने पहिल्यांदा चहा घेतला. तिसऱ्या शनिवारी काटा ब्याण्णववर थांबला. चौथ्या शनिवारी ब्याण्णव. पाचव्या शनिवारी ब्याण्णवच्या पुढे चारशे ग्रॅम.

पुष्पलता आकडा बघून सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिने डबे उघडले. फ्रिज उघडला. गॅसवरच्या कालवणात बोट बुडवून चाटलं.

"पीठ लावलंस कालवणाला? तांदळाचा?"

"नाही."

"मग दाट कसा झाला?"

"खोबऱ्यानं. वहिनी, माझ्या भांड्यात बोट घालायचं नाही."

"सगला कळतंय मना," पुष्पलताचा आवाज चढला. "तू पयल्या दिवसापासून आमच्यावर टपलीस. सासूचा राग माझ्या नवऱ्यावर काढतंस. त्याला मारतंस तू, विनिता! साऱ्या गावात सांगीन मी."

आणि सांगितलंही. दोन दिवसांत घोडबंदर, तारोडी, जिथे जिथे नातं होतं तिथे तिथे विनिताचं नाव पोचलं. तिच्या चुलत सासूने फोन करून शाप दिला. हे सगळं एक वेळ तिने गिळलं असतं. पण पुष्पलता स्वयंपाकघरात उभी राहून बोंबलत होती तेव्हा यतीन हॉलमध्ये शर्टाची बटणं लावत होता. नवरा एवढंही म्हणाला नाही की वहिनी, माझी बायको माझ्यासाठी पहाटे उठते. वरची दोन बटणं लावायला त्याला पाच मिनिटं लागली.

मंगळवारी दवाखान्याला सुट्टी होती आणि यतीन डबा विसरून गेला. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. विनिता रिक्षा करून डबा घेऊन गेली. गेटवरचा वॉचमन तिला ओळखत नव्हता, पण डबा ओळखत होता. तो खुर्चीतून उठला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"अरे, भाभीजी! आप खुद ले आयीं? लाइए, लाइए."

"यतीन साहब को देना है," विनिता म्हणाली.

"साहब तो खाना खाने गये. ये तो वो रोज मुझे ही देते हैं ना. बोलते हैं, पेट ठीक नहीं रहता." मग तो मनापासून म्हणाला, "भाभीजी, आपके हाथ की मछली का जवाब नहीं. मेरा तो तीन किलो वजन बढ़ गया."

विनिताने डबा त्याच्या हातात ठेवला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? जेवला आणि वर कौतुकही केलं, जे घरात कुणी केलं नव्हतं.

रस्त्यापलीकडे खानावळ होती. भिंतीकडच्या टेबलावर यतीन बसला होता. समोर भाताचा डोंगर, त्यात आमटीचं तळं, बाजूला बटाट्याची भाजी, पापड आणि वाटीत श्रीखंड. तो डोळे मिटून खात होता. मांजर डोळे मिटून दूध पितं, तेव्हा त्याला वाटतं जगाला दिसत नाही. त्याने डोळे उघडले ते दुसऱ्यांदा भात मागायला, आणि समोर बायको.

तिने तिथे आवाज केला नाही. त्याने हात धुवेपर्यंत ती बाहेर उभी राहिली. शेजारच्या गाळ्यात भांड्यांना पॉलिश चाललं होतं. त्या घरघरीत जे बोलणं झालं ते फक्त त्या दोघांना ऐकू आलं.

"किती दिवस?"

"तिसऱ्या आठवड्यापासून." तो तिच्याकडे बघत नव्हता. "हॉस्पिटलवाल्यांनी फॉर्म वाचून दाखवला ना, सहीच्या आधी. पोट कुठून कुठवर कापतात, काय काय होऊ शकतं. मला भीती वाटते, विनिता. मला झोप लागत नाही."

"मग नाही म्हणायचं!"

"दादाला कसं म्हणू? सगळं गाव थुंकेल तोंडावर." मग त्याने जणू मोठी युक्ती सांगावी तसं सांगितलं, "वजन उतरलं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील. कुणी कुणाला नाही म्हटलं असं होणार नाही. कुणाचं नाव येणार नाही."

"माझं आलं ना! गावभर आलं!"

यतीन गप्प राहिला असता तरी बरं होतं. पण तो म्हणाला, "तुला तरी कुठे मी द्यायला हवं होतं? तुझ्या मनासारखंच झालं की."

एकोणीस वर्षांच्या संसारात विनिताला नवऱ्याचा राग पुष्कळदा आला होता. किळस पहिल्यांदा आली. भीती वाटणं हा गुन्हा नव्हे; तिलाही वाटली असती. तो घाबरलो म्हणाला असता तर तिने साऱ्या घोडबंदरशी एकटीने भांडण घेतलं असतं. पण याने भावाला हो म्हटलं, मिठी मारली, मोठेपणा घेतला, आणि नाही म्हणायचं काम बायकोच्या माथी मारलं. आणि तिकडे तो पिवळ्या डोळ्यांचा माणूस दर शनिवारी आकडा बघत होता. पाच आठवडे गेले होते. त्याच्याजवळ आठवडे मोजकेच होते.

शनिवारपर्यंत तिचं स्वयंपाकघर तसंच चालू राहिलं. डबा द्यायची, तो न्यायचा. वॉचमन जेवला असेल.

शनिवारी अकराला बेल वाजली. पुष्पलता चपला काढून आत आली, काटा ठेवला, फोन लावला. "या भावोजी, चढा."

"काटा राहू दे, वहिनी," विनिता म्हणाली. "आधी ते जेवतील."

तिने हॉलमधल्या टेबलावर ताट ठेवलं. मग आतून पातेलं आणलं. सहा आठवड्यांनी त्या घरात भात शिजला होता. आंबेमोहोर, वाफ निघत होती. तिने डाव भरून वाढला, आणखी एक वाढला, तिसरा वाढला. वर वरण घातलं, तूप सोडलं.

"हा काय खेल हाय?" पुष्पलता किंचाळली. "डोका फिरलाय तुजा?"

"बसा," विनिता नवऱ्याला म्हणाली. "खानावळीत चोरून खाता, ते आज भावासमोर खा. नाहीतर ताट सरकवा आणि काट्यावर चढा. मी पुढचे आठवडे दुपारी कारखान्यात येऊन समोर बसून अंडी भरवीन. दोन्हींपैकी काहीही करा. पण तुम्ही करा."

फोन पुष्पलताच्या हातात तसाच होता आणि पडद्यावर धर्मा. त्याला सगळं दिसत होतं, ऐकूही येत असणार. यतीनने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा काट्याकडे. तिला वाटलं, सरकवील. खरंच वाटलं. तेवढ्या क्षणात तिने देवाला हात जोडले असते, त्या धर्मासाठी, ज्याचं नाव ती घेत नव्हती.

यतीन खुर्चीत बसला. त्याने भात कालवला आणि पहिला घास घेतला.

दुसऱ्या घासाला पडदा काळा झाला. धर्माने फोन बंद केला होता.

पुष्पलता शिव्या देईल, ताट उडवेल, असं विनिताला वाटत होतं. तिची तयारी होती. पण पुष्पलता जेवणाऱ्या दिराकडे नुसती बघत राहिली. मग तिने विनिताकडे पाहिलं.

"तू आधी का न्हाय सांगितलास?"

"मला मंगळवारी कळलं. आणि तुम्ही मला कुठे काही विचारलंत? तुम्ही कालवण चाटत होतात." विनिताने काट्याकडे बोट दाखवलं. "इथे पाच शनिवार वाया गेले, वहिनी. घरात तरणाताठा मुलगा असताना."

पुष्पलता भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने नंबर लावला. तो लागेपर्यंत तिचे ओठ हलत होते.

"प्रणय? सोमवारी रजा टाक. हॉस्पिटलात जायचंय... न्हाय, काकाचा न्हाय. तुजी तपासणी... रडू नको. सकाली काय खाऊ नको, उपाशी यायचा. आयकलास ना? मी येते तुज्यासोबत."

तिने काटा पिशवीत भरला. दारात चपला घालताना ती म्हणाली, "तुजा तोंड मना परत दाखवू नको, विनिता. दोघांचा पण." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेली.

विनिताने दार लावलं. यतीनचं ताट चाटूनपुसून लख्ख झालं होतं. तो ओशाळला होता, पण एका बाजूने मोठं ओझं उतरलेल्या माणसासारखा ऐसपैस बसलाही होता.

"अजून थोडा आहे का गं?" त्याने विचारलं.

विनिताने अख्खं पातेलं त्याच्यासमोर ठेवलं. "सगळा तुमचाच आहे," ती म्हणाली. "यातलं आता कुणाला काही द्यायचं नाही."