सासूबाईंचा काढा

"कुणासाठी म्हणालात?"

"सासूबाईंसाठी," रुओलिन म्हणाली. मागे दोन बायका उभ्या होत्या. "पोट सुटलंय त्यांचं. जरा खाल्लं की सुस्तावतात."

"मग त्यांनाच आणायचं. नाडी बघितली असती."

"गावी असतात त्या."

फान वैद्य पुटपुटत एकेक खण उघडू लागले. कमळाची वाळकी पानं, आंबट लाल फळांच्या चकत्या आणि शेवटी मोड आणून खरपूस भाजलेले जव. जव त्यांनी हात सैल सोडून घातले. "म्हाताऱ्या पोटाला हे मानवतं."

पुडकं घेऊन रुओलिन घरी आली. दोउदोउ पाळण्यात स्वतःची मूठ चोखत होती. बाळंतपण होऊन चार महिने झाले, तरी कंबरेचा घेर कमी होत नव्हता. नवरा जियानपिंग दूर शेन्झेनला कारखान्यात. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तो हसत म्हणाला होता, "फोन जरा लांब धर की, मावत नाहीयेस." ती हसली होती. नववर्षाला तो घरी येणार होता.

काढा कडू नव्हता, जरा आंबटच होता. हळूहळू तिचे कपडे सैल झाले. आणि मग दोउदोउ अंगावर घेतली की चार घोट ओढून तोंड सोडायची, मान टाकून रडायची. रुओलिननं फोनवर शोधून शोधून वाचलं. दात, थंडी, पोटातला वायू. विचारायला घरात दुसरं माणूस नव्हतं.

शेवटी बाळ पाठीशी बांधून ती दुकानात गेली.

"काय म्हणतात सासूबाई?"

"बऱ्या आहेत. काका, तो काढा अंगावर पाजणाऱ्या बाईनं घेतला तर?"

वैद्यांचा हात खणावरच थांबला. "कोण बाई?"

"शेजारीण आहे एक."

"शेजारणीचं दूध आटेल. मुलाचं पाजणं तोडायचं असलं की बायका भाजलेले जवच नेतात." पाठीवरची दोउदोउ झोळीचा पट्टा चोखत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तराजूकडे. भाजून फुललेल्या बारीक बिया त्यांनी कागदात बांधल्या. "डुकराच्या खुरांच्या रश्शात उकळ म्हणावं तिला. येईल दूध, कदाचित नाहीही. पण मुलीला लावत राहायचं. आणि चोथा रस्त्यावर टाक म्हणावं. लोकांनी तुडवला की त्यांच्या पायांबरोबर दुखणं निघून जातं."

मुलगी, असं ती म्हणालीच नव्हती.

संध्याकाळी जियानपिंगचा फोन आला. "यंदा सुट्टी नाही गं. मालक सोडत नाही." मग पडद्यावर तिला बघून, "बारीक झालीस की! काय केलंस?"

"काही नाही. चालते रोज."

रस्सा पिऊन चोथ्याचं पातेलं घेऊन ती खाली उतरली. दोउदोउ खांद्यावर होती. इमारतीपुढच्या चौकात तिनं चोथा पालथा केला आणि भिंतीशी उभी राहिली. स्कूटर वळसा घालून गेल्या. एक पोरगी फोन बघत वीतभर अंतरावरून निघून गेली. कोबी घेऊन येणाऱ्या म्हातारीनं चोथा ओळखला, चटकन थबकली आणि पार पलीकडच्या कडेनं गेली.

दोउदोउ कोटाच्या बटणाला तोंड लावून बसली होती. रुओलिननं बटण सोडलं, तिला आत घेतलं. काही येत होतं की नाही, कळत नव्हतं. पोर ओढत राहिली. तिच्या टोपीवरून रुओलिन रस्त्याकडे बघत राहिली. चोथ्यातून वाफ निघत होती. जसा टाकला होता तसाच ढीग.