दहावा शब्द

नवऱ्याला, बेनीला, जाऊन वर्ष झालं, त्या रविवारी सकाळी किशोरी पनवेलच्या सिनेगॉगमध्ये, यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, वरच्या मजल्यावर, बायकांच्या सज्जात जाऊन बसली. वर दुसरं कुणीच नव्हतं. खाली तिचा मुलगा प्रणित बापाची टोपी घालून पुढच्या बाकावर बसला होता. बापासाठी कद्दीश, म्हणजे मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची म्हणून गेले काही महिने तो मोबाइलवर ऐकून हिब्रू शब्द घोकत होता, अगदी आंघोळ करतानासुद्धा. दफनाच्या वेळी बेनीच्या भावाने कद्दीश म्हटली होती. तो आता इस्राएलला निघून गेला.

कद्दीशला दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत, म्हणून सिनेगॉगचा कारभार पाहणारे मुकादम हायमकाका शास्त्रातलं दहा शब्दांचं एक वचन पुटपुटत, एकेकाकडे बघून एकेक शब्द टाकत मोजायचे. आजही त्यांनी तसंच मोजलं. प्रणितपाशी नजर आली आणि पुढे सरकली. शेवटचा शब्द तोंडातच राहिला.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

"दहा आहेत की, काका. मी धरून."

हायमकाकांनी पुस्तक मिटलं. "आईवरून धरतात, बाळा. आई यहुदी तर मूल यहुदी. आजवर माणसं पुरत होती, म्हणून विषय निघाला नाही."

किशोरी जिना उतरून खाली आली. दारातच थांबली.

"म्हंजे तो गोय," ती म्हणाली. यहुदी नसलेल्यासाठीचा हा शब्द तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासरच्या स्वयंपाकघरात ऐकला होता.

"शिवी नाही ती, सूनबाई. गोय म्हणजे राष्ट्र, लोक. तोरा ग्रंथात आपल्यालाही म्हटलंय, पवित्र गोय. आणि बाहेरच्यांनी यहुदी झालंच पाहिजे असं आपण कुणाला सांगत नाही. देवाने नोहाला दिलेले सात नियम पाळले, मूर्ती पुजली नाही, खून नाही, चोरी नाही, न्यायाने वागला, तर त्यालाही पुढच्या जगात वाटा आहे. तुझ्यासारख्या बाईला तर…"

"पुढच्या जगात हाय," किशोरी म्हणाली, "इथं नाय."

कुणी तिला खुर्ची दिली, कुणी पाणी आणलं. कुणी अंगावर आलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं. माहेरी नेऱ्यालाही असंच व्हायचं. ती नेऱ्याच्या आगरी घरातली. लग्नानंतर सासरच्या रीतीप्रमाणे तिने चिंबोऱ्या सोडल्या, कोलंबी सोडली, मटणाची आणि दुधाची भांडी वेगळी केली. माहेरी गेली की आई, सोनाबाई, तिच्यासाठी वेगळा डाळभात लावायची आणि मायेनेच म्हणायची, "तू आता त्यांची झालीस गो."

"मग मी यहुदी होतो," प्रणित म्हणाला. "होता येतं ना?"

"येतं. त्याला गेर म्हणतात. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आधी परत पाठवतात, मन बघतात. मग शिकायचं, तीन जणांच्या न्यायसभेपुढे बसायचं, मिक्वेच्या, शुद्धीच्या कुंडाच्या, पाण्यात बुडी मारायची."

"मग बाबांची कद्दीश म्हणता येईल?"

"येईल. फक्त…" हायमकाका चष्मा पुसू लागले. "गेर नव्याने जन्मला असं धरतात. त्याला धर्मातलं नाव मिळतं, आणि बापाच्या जागी अब्राहामाचं नाव लावतात. बेन अव्राहाम, अब्राहामाचा मुलगा."

"आणि बाबा?"

हायमकाकांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

"तुमी मुकादम हाव ना?" किशोरीचा आवाज चिरकला. "एवढं एक करा."

"मुकादम आहे, सूनबाई. मालक नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बेनीला मी मांडीवर खेळवलाय. मला काय कळत नाही का?"

फोन झाले. दुपार होत आली तेव्हा कुणाचा तरी जावई दहावा म्हणून ठाण्याहून येऊन पोचला. किशोरी पुन्हा वर गेली. हायमकाकांनी बेनीचं पूर्ण नाव, बिन्यामिन, घेतलं आणि स्वतःच कद्दीश म्हटली. त्यांनी प्रणितला आपल्या शेजारी उभं केलं होतं. आमेन कुणीही म्हणू शकतो, तेवढं तो म्हणत होता, गरजेपेक्षा मोठ्याने. मधल्या शब्दांना त्याचे ओठ हलत, आवाज फुटत नसे. किशोरीने सज्जाचा कठडा घट्ट धरला. उतरून मुलाजवळ जावं, तर प्रार्थना मोडेल. उठून बाहेर पडावं, तर बेनीचं नाव खाली चाललं होतं.

घरी जाताना प्रणितने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली.

"तू सांग. जाऊ रब्बींकडे?"

जा म्हणावंसं तिला वाटलं, नको म्हणावंसंही वाटलं.

"नाही जाणार," शेवटी तोच म्हणाला. "मला बाबांचंच नाव लावायचंय."

तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही. आरशात त्याने दोन्ही पाहिलं असावं. त्याने स्कूटर सुरू केली, पुन्हा बंद केली.

"आई, हायमकाकांचं वय काय असेल गं?"

तो काय विचारतोय ते तिला कळलं: काकांनंतर बेनीची कद्दीश कोण म्हणणार. तिने नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.