कारंज्याची कोनशिला

बाबा गेले तेव्हा कोनशिलेची शेवटची ओळ कोरायची राहिली होती.

आमचं दुकान दगडावर अक्षरं कोरण्याचं. शाळेच्या खोल्या, वाचनालयं, बागेतली बाकं, सगळ्यांचे दगड आमच्याकडे यायचे. बाबांचा एक नियम होता आणि गिऱ्हाइकाला तो आधीच सांगितला जाई: शेवटच्या ओळीत पैसे कुणाचे ते येणार. व्यापाऱ्याने खोली बांधली तर त्याचं नाव, गल्लीने वर्गणी काढली तर गल्लीचं. "माणूस खोटं बोलला तर निदान मरतो तरी," ते म्हणायचे, "दगडाला ती सोय नाही."

हा दगड चौकातल्या संगीत कारंज्यासाठी होता. बांधकाम खात्याने दिलेला मजकूर 'राज्य शासनाची नागरिकांना भेट' या ओळीने संपत होता. बाबांनी वरचं सगळं कोरलं आणि तिथे थांबले.

"भेट स्वतःच्या खिशातून देतात, साहेब," ते खात्याच्या साहेबांना म्हणाले होते. "हे तर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र."

साहेब हसले होते. आज ना उद्या म्हातारा कोरेल, असं त्यांनी धरलं असावं.

त्याच वर्षी राज्य सरकारने व्यवसाय कर वाढवला आणि वर प्रत्येक दुकानावर सुशोभन उपकर बसवला. शेजारच्या चक्कीवाल्याने कामावरचा माणूस कमी केला. पलीकडच्या शिंपीणबाईंनी गाळा सोडून मशीन घरी नेलं. इस्पितळाकडे जाणारा जुना पूल मात्र निधी नाही म्हणून बंदच राहिला. बाबांना नेलं तेव्हा रुग्णवाहिका शहराला वळसा घालून गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी वाचले असते असं सांगता येत नाही. मी ते वाक्य आहे तसं ठेवते. त्यांचा मृत्यू मी कुणाच्या माथी मारत नाही. तो वळसा मात्र सरकारच्या माथी मारते.

साहेब आले त्या सकाळी आई मला म्हणाली, "हे बघ, निम्मं काम खात्याकडून येतं. चार शब्द कोरून दे आणि मोकळी हो. तुझे बाबा काही बघायला येणार नाहीत आता."

"ते असते तर हेच बोलली असतीस?"

"तीस वर्षं मी त्यांना हेच बोलले. ऐकलं कुणी?"

साहेब टेकले. माणूस वाईट नव्हता. बाबांबद्दल दोन शब्द बोलले, आणि ते मनापासून होते. मग दगडाकडे बघून म्हणाले, "ताई, उद्घाटन तोंडावर आलंय. एवढी ओळ टाका म्हणजे झालं."

"टाकते. पण आमच्या पद्धतीची. 'खर्च करदात्या नागरिकांचा.'"

"अहो, असं कुठे असतं का? मंत्र्यांसमोर माझी काय शोभा!"

"यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही हो, पण..." त्यांनी आईकडे पाहिलं. "काकू, तुम्ही तरी सांगा. कारंज्याने लोक येतील, चौक गजबजेल. फायदा तुमचाच ना?"

"येतील तेव्हा त्यांच्याकडून घ्या," मी म्हणाले. "चक्कीवाल्याने आजच का द्यायचं? त्याने कारंजं मागितलं होतं? पूल मागितला होता. घरात छप्पर गळत असताना आम्ही झुंबर आणत नाही, साहेब. आणलंच, तर शेजाऱ्याच्या पैशाने आणून त्यालाच 'घे, भेट' म्हणत नाही."

"तुम्ही फार वाचता, ताई."

"हे वाचून नाही कळलं. उपकर भरून कळलं."

साहेबांनी चष्मा पुसला. आवाज खाली आणून म्हणाले, "खात्याच्या यादीतून नाव जाईल दुकानाचं. माझ्या हातात काही नाही. नीट विचार करा."

विचार झालेला होता. मी छिन्नी उचलली. बाबा सरकारी कामाची उचल घेत नसत, त्यामुळे दगड आमचाच होता आणि वाया गेलाच तर आमचाच जाणार होता. तेवढी भेट माझ्या खिशाला परवडत होती.

कागदावरचं खोडता येतं. दगडावरचं खोडायचं तर सगळा पृष्ठभाग घासून खाली न्यावा लागतो, मंत्र्यांच्या नावासकट. साहेबांना हे ठाऊक होतं. पहिला घाव बसला तसे ते उठून उभे राहिले.

"ताई, थांबा. अहो, थांबा म्हणतोय ना!"

मी थांबले नाही. घाईही केली नाही. घाईत कोरलेलं अक्षर काठाला फुटतं. 'खर्च' झाला तोवर ते कुणाला तरी फोनवर सांगत होते, की पत्र्याची पाटी करून घ्या, हो, आजच. 'करदात्या' झाला तेव्हा दाराबाहेर त्यांची गाडी सुरू झाली.

ओळ पूर्ण झाली आणि मी छिन्नी खाली ठेवली. वर बाबांची अक्षरं, खाली माझी. माझी थोडी उथळ. आता वर्षभर काम कुठून आणायचं, हे मला माहीत नव्हतं.

आई दगडाजवळ आली. "गेलं का खातं?"

"गेलं."

"जाऊ दे. त्यांची बिलं तरी कुठे वेळेवर निघायची." अक्षरांत काळा रंग भरायचं काम पहिल्यापासून तिचं. ती डबा घेऊन खाली बसली आणि वरची ओळ सोडून शेवटच्याच ओळीपासून सुरुवात केली. मंत्र्यांचं नाव तिने कोरडंच ठेवलं.

रंग वाळल्यावर मी दगड आतल्या भिंतीकडे सरकवायला लागले.

"तिकडे कुठे नेतेस?"

"मग कुठे ठेवू?"

"दारात. तोंड रस्त्याकडे कर. उपकर भरलेली माणसं तिकडून जातात."