हिरव्या ठिपक्याचा बोर्ड

तिला माणसं चेहऱ्यावरून कमी आणि सोल्डरवरून जास्त ओळखू यायची. कोणाचा थेंब फुगीर, कोणाचा बसका, कोणाचा घाईत ओढल्यासारखा शेपटीवाला. एकोणीस वर्षं ती भिंगाखाली सर्किटचे बोर्ड तपासत होती. चूक दिसली की तिथे लाल बाणाचं स्टिकर लावायचं आणि बोर्ड लाल ट्रेमध्ये टाकायचा. म्हणून तिचं नाव पडलं बाणबाई. तोंडावर ताई, पाठीमागे बाणबाई. आपल्या चुका काढणाऱ्या बाईसमोर डबा उघडायला कोणाला गोड वाटणार? कॅन्टीनच्या कोपऱ्यात ती एकटीच जेवायची. घरीही ताट एकच.

अशात तीन आठवड्यांपूर्वी वहिनी लाइनवर आली, बोर्डांवर भाग सोल्डर करायला. दीर स्टोअरमध्ये, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी. नवरा गेल्यावर, चाळिशीत पहिल्यांदा नोकरीला लागलेली. महिनाभर काम बघून मग ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. कोणी काही कानात सांगायच्या आत ती डबा घेऊन सरळ बाणबाईसमोर आली.

"बसू ना ताई? की इथेही तपासणी असते?"

बाणबाई हसली. आपल्याला अजून हसता येतं, याचं तिलाच नवल वाटलं.

भिंगाशेजारच्या स्टँडवर एक नमुना बोर्ड असे, पाठीवर हिरवा ठिपका असलेला. प्रत्येक बोर्ड त्याच्याशी ताडून बघायचा. कपॅसिटरची राखाडी पट्टी कोणत्या अंगाला हवी ते नमुनाच सांगणार, कारण भाग एकदा बसला की खालची खूण झाकली जाते. नमुना स्टँडवरून हलवायचा नाही आणि भिंगासमोर दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही, हे दोन नेम तिने कधी मोडले नव्हते. रोज सकाळी मनात देवाचं नाव घेऊन, नमुन्यावरून ब्रश फिरवूनच ती भिंगाचा दिवा लावायची.

काल मात्र पाळी सुटायच्या आधी वहिनी आली. "तुम्हाला त्या काचेत एवढं दिसतं तरी काय? बघू द्या ना."

आणि बाणबाईने चक्क आपली खुर्ची दिली. नमुना उतरवला, नुकताच निघालेला, अजून बाण न लावलेला एक उलट्या कपॅसिटरचा बोर्ड शेजारी धरला. "हा बरोबर. हा चुकला."

"अगं बाई! हे तर जुळ्या बहिणींतली थोरली शोधण्यासारखंच झालं."

घंटा झाली. हसतहसत एक बोर्ड स्टँडवर गेला, एक लाल ट्रेमध्ये.

आज सकाळपासून वहिनीचा एकही कपॅसिटर नमुन्याशी जुळत नव्हता. मॉडेल याच आठवड्यात आलेलं, डोळ्यांत अजून न बसलेलं. एकामागून एक अडतीस बाण लागले.

दहा वाजता वहिनी आली. "ताई, मी आकृतीचा कागद बघूनच लावते हो. एकदा नीट बघा ना."

"नमुना समोर आहे, वहिनी. मी काय करू?"

सुपरवायझरने लाइनवरच वहिनीला सांगितलं, "जेवण झालं की कार्ड घेऊन केबिनमध्ये या."

जेवताना समोरची खुर्ची रिकामी होती. वहिनी पलीकडच्या टेबलावर पाठ करून बसली होती. डबा तसाच बंद करून बाणबाई जागेवर आली. हाताला काहीतरी हवं म्हणून तिने नमुना उचलला, ब्रश फिरवला आणि सहज पालथा केला.

ठिपका नव्हता.

लाल ट्रेच्या तळातून हिरव्या ठिपक्याचा बोर्ड निघाला. गुपचूप बदलता आला असता. अडतीस बाण सोलून, "परत तपासले, बरे निघाले," म्हणता आलं असतं. क्षणभर तिने तसा विचार केलाही. मग दोन्ही बोर्ड घेऊन ती केबिनमध्ये गेली. वहिनी आधीच उभी होती, गळ्यातलं कार्ड हातात घेऊन.

"साहेब, बोर्ड बरोबर आहेत. नमुना चुकीचा लागला होता."

"एकोणीस वर्षांत कधी नाही ते? स्टँडवरून निघालाच कसा?"

"मी काढला."

"कशाला? टेबलाशी कोणी आलं होतं का?"

वहिनीची बोटं कार्डावर थांबली.

"मी काढला, साहेब. ठेवताना मीच चुकले." तिने दोन्ही बोर्ड टेबलावर ठेवले.

सुपरवायझरने कपाळ चोळलं. "तपासणीचा शिक्का ठेवा इथे. सहा महिने पॅकिंगला. नाइलाज आहे, ताई. आणि वहिनी, तुम्ही लाइनवर जा."

बाहेर आल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "तुम्ही माझी नोकरी राखलीत, कळतं मला. पण सकाळी जीव तोडून सांगत होते मी. तुम्ही मान वर करून बघितलंसुद्धा नाहीत."

"हो. चुकलंच."

वहिनीने कार्ड गळ्यात घातलं आणि ती गेली.

पॅकिंगची शेड मागच्या बाजूला, जेवणाची सुटी अर्ध्या तासाने उशिरा. बाणबाई पोचायची तेव्हा कॅन्टीन पुसून झालेलं असायचं. तिथे तिला कोणी घाबरत नव्हतं, कोणी ओळखतही नव्हतं. ती बोर्ड फोममध्ये ठेवी, खोका बंद करी.

एखाद्या बोर्डावर तांदळाच्या दाण्याएवढा, टोकदार थेंब दिसे. भिंग नसलं तरी तो कोणाच्या हातचा हे तिला कळे. वहिनीचा हात आता चांगलाच बसला होता. तो बोर्ड ती जरा जास्त वेळ हातात धरी. मग मागून कोणी म्हणे, "ओ बाई, चला लवकर," आणि ती फोमचं झाकण लावी.