मरून राह्यला होता

सिनेमा अमेरिकेतला, महायुद्ध संपल्यानंतरचा आणि हात आखडून बनवलेला. दोन खोल्या, एक जिना, एक टेबललॅम्प. माणसं घर बदलतात, लॅम्प मात्र तोच. टोपीवाला डिटेक्टिव्ह, एक घरमालकीण, तिचा नोकर आणि तिच्या भाडेकरूचा खून. मला तो पाहताक्षणी आवडला. त्यावर आता कोणाचाच हक्क उरला नव्हता, म्हणून मी त्याला वऱ्हाडी बोलायला लावलं.

नांदुऱ्यात माझ्या भावाचं, अकीलचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथेच शटर ओढून, भिंतींना गोधड्या लटकवून आम्ही आवाज भरले. डिटेक्टिव्ह अकील, मालकीण मी. मधेच एक मालगाडी भोंगा वाजवत गेली, ती तशीच राहू दिली. अमेरिकेतही मालगाड्या असतीलच की.

पुण्याच्या एका चॅनेलने नमुना मागवला. त्यांनी सिनेमा घेतला असता तर आमची बोली गावोगाव ऐकू गेली असती, तीही नुसती हसण्यापुरती नाही. मला ते फार हवं होतं, खोटं कशाला बोलू?

तिथल्या संपादक सारिका व्हिडिओ कॉलवर आल्या. आवाजाचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, नोकराची बोली राहू द्या, लोक हसतील. डिटेक्टिव्ह आणि मालकीण मात्र शुद्ध बोलू देत. घरी तुम्ही हिंदी बोलत असाल ना, असंही गोड आवाजात विचारलं. माझं डोकंच सणकलं. घरी आम्ही उर्दू बोलतो आणि वऱ्हाडीही. उभ्या जन्मात मी भांडले ती वऱ्हाडीतच.

"आणि ही तर सरळ चूक आहे," म्हणत त्यांनी माझं वाक्य वाजवलं: "मी खोलीत गेली तं तो मरून राह्यला होता." पुढच्याच प्रसंगात तो भाडेकरू मालकिणीच्या कानात खुन्याचं नाव सांगतो. मेलेला माणूस बोलेल कसा, असं त्यांचं म्हणणं.

अकीलला हसू आवरेना. मी समजावलं, आमच्याकडे जाऊन राह्यला म्हणजे जातो आहे, मरून राह्यला म्हणजे मरतो आहे. जीव असतो अजून. सगळा सिनेमा त्या जीवावरच उभा आहे.

त्यांना पटलं, तरी बदला म्हणाल्या. मग कंटाळून बोलल्या, "आसमाताई, हट्ट कशाला? ही बोली तशीही मरतेच आहे. प्रमाण मराठीत करा, मी लगेच घेते."

अकीलचं हसू थांबलं. टोपीवाल्याचा आवाज बसवताना त्याचा घसा पार बसला होता.

"मरून राह्यली असन," मी म्हणाले. "पन मरून राह्यलेलं मानूसच तं खुन्याचं नाव सांगते, मॅडम."

फोन मीच कापला. शेवटचा प्रसंग भरायचा बाकी होता. अकीलने पंखा बंद केला, शटर खाली ओढलं आणि बसक्या घशाने डिटेक्टिव्हचं वाक्य टाकलं, "सांगा बाई, कोनाचं नाव घेतलं त्यानं?"

मी माईक जवळ ओढला.