दुमडलेला रिपोर्ट

आखातातल्या इंटरनॅशनल सिटीतल्या त्या वन-बेडरूम फ्लॅटबाहेर रविवारी चपलांचा ढीग थेट लिफ्टपर्यंत पोचला होता. आत केरूबाबा जगन्नाथचा रिपोर्ट उंच धरून ओरडत होते.

"बघा! आयजीई चार हजारांवरून आठशे! डॉक्टरची गोळी? खलास! फक्त श्वासभस्म, रोज सकाळी मधातून!"

जगन्नाथने मसाल्याच्या गोदामात वीस वर्षं धूळ गिळली होती, आणि त्याच्या फुफ्फुसात बुरशी शिरली होती. आता खोकला थांबला, भूक सुटली, गालांवर तेज चढलं. सगळे त्याचे गाल निरखत होते. त्याची बायको कुमुद तर धन्य धन्य झाली. बाबांनी रिपोर्ट मधोमध दुमडून तिच्या हातात दिला. "घडी मोडलीस तर गुण जाईल हो!"

कुमुदने काय करावं? टायपिंग सेंटरमध्ये जाऊन तो तसाच, दुमडलेला, लॅमिनेट करून घेतला! तिथला माणूस हसला, तर तिने त्यालाच झापलं. अल मजाजमधल्या आपल्या घरी रिपोर्ट देवघरात विराजमान झाला. इस्पितळातून तीन फोन आले. गोळ्या चालू करा म्हणतील, म्हणून तिने एकही उचलला नाही.

महिन्याभरात जगन्नाथ बेसिनभर रक्त ओकला.

तो आयसीयूत गेल्यावर जुना रिपोर्ट मागायला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर मुनिबा आल्या. त्या मूळच्या रत्नागिरीच्या.

"वहिनी, हा दुमडून लॅमिनेट केलात? कात्री आणा."

"नको हो डॉक्टर, घडी..."

मुनिबांनी प्लास्टिक कापून घडी उलगडलीच. खालच्या अर्ध्यात एक ओळ होती: गॅलॅक्टोमॅनन, मर्यादेच्या सहापट. शेजारी लिहिलं होतं, तातडीने भेटा.

"वरचा आयजीईचा आकडा म्हणजे बुरशीवर चिडलेलं शरीर. खालचा म्हणजे बुरशीच्याच कवचाचे रक्तातले तुकडे. भाऊंचं शरीर गप्प केलं गेलं आणि बुरशी मोकाट वाढली. ते भस्म कुठंय?"

तपासणीत राखेत दळलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या निघाल्या.

"हे आम्हीही देतो, वहिनी. पण मोजून, आणि बुरशीच्या गोळीसोबत. खोकला दबला तो यानेच, भूकही यानेच. आणि गालांवर तेज नव्हतं, सूज होती."

कुमुदला आपला हात आठवला. रोज सकाळी, मधात बोटाने भस्म कालवून, तिने स्वतः चाटवलं होतं.

आयसीयूत जगन्नाथने मास्क सरकवून विचारलं, "आज भस्म नाही आणलंस?" तिसऱ्या दिवशी तो गेला.

पुढच्या रविवारी बाबांच्या दाराबाहेर चपला तेवढ्याच होत्या. कुमुदला पाहून बाबांनी डोळे मिटले. "श्रद्धा कमी पडली, बाई."

"कमी पडली? नवरा घालवला मी त्या श्रद्धेत!" कुमुद कडाडली. "भस्माची डबी पोलिसांना देऊन आलेय."

बाबांनी खाडकन डोळे उघडले आणि दाराकडे पाहिलं. लोक मात्र कुमुदवरच चिडले. रांगेतल्या नबिलाने लेकाचा दुमडलेला रिपोर्ट छातीशी धरला होता. कुमुदने तो ओढून घेतला आणि उलगडून तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. खालची ओळ वाच. आणि डॉक्टरचा फोन आला तर उचल गं बाई, उचल!"

नबिला बोट फिरवत, वाचत शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग रांगेतून बाहेर आली आणि चपला शोधू लागली.

तिच्यामागून कोणीच आलं नाही. वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी या.