कुलूपबंद बैठकीतली फिरंगीण

रकियाच्या घरासमोरच्या बोळात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. पुदिन्याच्या जुड्या विकणारा आपलं गाढव तिथेच सोडून भिंतीला कान लावून उभा होता. दोन बायका मळलेली कणीक घेऊन पावाच्या भट्टीवर निघाल्या होत्या, त्या परातीसकट थांबल्या. कणीक फुगून फडक्याबाहेर डोकवायला लागली तरी त्यांना भान नव्हतं. सेफ्रू गावाच्या या जुन्या वस्तीत इतकी माणसं एक तर लग्नाला जमतात, नाही तर मयताला.

रकियाच्या कुलूपबंद बैठकीतून एक बाई फ्रेंचमध्ये बोलत होती, आणि बैठकीत तर कुणीच नव्हतं.

आमच्याकडे घरातली सहा माणसं एका खोलीत अंग चोरून झोपतील, पण बैठक पाहुण्यांची. मखमली गाद्या, लोड, त्यावर पांढऱ्या चादरी आणि दाराला कुलूप. रकियाने कालच ती उघडून झाडली होती, कारण पुढच्या आठवड्यात थोरल्या लेकीची सासरची माणसं यायची होती. झाडून झाल्यावर किल्ली गोफात ओवून परत गळ्यात. संध्याकाळी फिरंगीण बोलायला लागली.

"काय म्हणतेय गं ती?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

शेजारची म्हातारी ताहरा तरुणपणी एका फ्रेंच कुटुंबाकडे स्वयंपाकाला होती, त्यामुळे आज तिचा भाव वधारला होता. तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "म्हणतेय, पोटं चार आहेत."

"कुणाची?"

"तिचीच! अजून कुणाची? आणि म्हणतेय, गिळलेलं परत तोंडात आणते अन् सावकाश चावते."

"या लतीफ!" परातवाल्या दोघींनी एकदम अल्लाहचा धावा केला.

"ताहरा आजी, ती गाईबद्दल बोलतेय," दारातून नुहैला कळवळून म्हणाली. "माझा धडा आहे तो. रवंथ करणाऱ्या जनावरांचा."

"म्हणजे गाय झालीये म्हण ना तिची!" ताहरा म्हणाली, आणि बातमी बोळाच्या टोकापर्यंत पोचली.

नुहैला ही रकियाची धाकटी. जनावरांच्या दवाखान्यातलं काम शिकवणाऱ्या रबातच्या संस्थेत तिने अर्ज केला होता. आज दुपारी बाराला तिची मुलाखत होती, संगणकावरूनच द्यायची. आणि कालपासून तिचा जुना लॅपटॉप मुका झाला होता. तिने आवाज वाढवून पाहिला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, इअरफोन खुपसून पाहिले. लॅपटॉप ढिम्म. धडा लावला की पडद्यावरच्या बाईंचे ओठ हलायचे आणि आवाज भिंतीपलीकडच्या बैठकीतून यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा नुहैलाचीही बोबडी वळली होती, खोटं कशाला सांगा. मग तिने धडा थांबवला, तर फिरंगीणही थांबली. पुन्हा लावला, तर ती जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे बोलायला लागली. जिन इतके आज्ञाधारक असतात हे तिने कुठे ऐकलं नव्हतं. सकाळी ती पुन्हा धडा लावून बसली तर बोळ गोळा झाला, आणि पुढे काही तपासायच्या आत आईने लॅपटॉप हिसकावून उशीच्या अभ्र्यात गुंडाळला आणि फकीहाला निरोप धाडला.

फकीह सी बुश्ता आले ते काखेत साखरेचा शंकू घेऊनच. वाटेत कुणीतरी दिला म्हणाले. ताईत लिहिणं, नजर उतरवणं, पळालेले नवरे परत आणणं, सगळं त्यांच्याकडे. पळालेले नवरे फारसे आले नाहीत, पण तो दोष नवऱ्यांचा.

"घाबरू नका," ते बसत बसत म्हणाले. "असल्या सतरा जणींना मी बाटलीत कोंडलंय. मेक्नेसला एकीने फ्रिज धरला होता, सगळं दूध नासवायची. ताझाला एक पाण्याच्या मोटरीत शिरली होती. ही जुन्या काळातली दिसते. गोऱ्यांचं राज्य गेलं, हिला कुणी सांगितलंच नाही. उघडा यंत्र!"

यंत्र उघडलं. नुहैलाने धडा लावला. भिंतीपलीकडून फिरंगीण गाईच्या तिसऱ्या पोटाविषयी बोलू लागली. सी बुश्तांनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले, हात थरथरवला आणि लॅपटॉपचं झाकण फाडकन मिटलं.

फिरंगीण अर्ध्या शब्दात गप्प. बोळात "अल्लाहू अकबर"चा गजर झाला.

"सी बुश्ता," नुहैला म्हणाली, "झाकण मिटलं की तो झोपतो. कुणीही मिटलं तरी."

"असं? मग तू मिट बघू."

तिने झाकण उघडून धडा लावला, फिरंगीण बोलली. मिटलं, गप्प. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. गर्दी दोन पावलं मागे सरली.

"बघितलंत?" सी बुश्तांचा आवाज खाली आला. "आता ती पोरीच्या हाताने चालते. धरलंय पोरीला."

रकियाने तोंडावर हात ठेवला. सी बुश्तांनी केशराच्या शाईने लिहिलेला कागद काढून बैठकीच्या दाराला चिकटवला. मग फर्मान सोडलं: दाराला जो हात लावेल त्याची वाचा जाईल. पोर या यंत्रात एक शब्द जरी बोलली तरी तिचीही जाईल. चार पोटांसाठी चार काळे कोंबडे लागतील. यंत्र ते स्वतः घरी नेऊन शुद्ध करतील. आणि पोरीला शिकायला परगावी धाडायचा विचार सोडा, लवकर उजवून टाका. नांदत्या घरात जिन टिकत नाही.

"यम्मा, साडेअकरा वाजून गेलेत," नुहैलाने झाकण उघडलं. "एक मिनिट बघ. एकच मिनिट."

तिने आईला पडद्याजवळ ओढलं. आवाज कुठून बाहेर काढायचा, त्याची नावं तिथे होती. एक लॅपटॉपचं स्वतःचं. दुसरं भलतंच, आकड्यांचं, आणि खूण त्याच्यापुढे. नुहैलाने लॅपटॉपच्या नावावर बोट ठेवलं. खूण क्षणभर तिथे आली आणि टुणकन परत दुसऱ्यावर गेली. बिनतारी जोडणी बंद करायचं बटण तर थिजल्यासारखं झालं होतं, दाबलं तरी हलेना.

"हा अडकलाय, यम्मा. याला भिंतीपलीकडचं काहीतरी सापडलंय आणि हा ते सोडत नाहीये. ते बंद केलं की आवाज घरी येईल. मला किल्ली दे."

"आणि तुझी वाचा गेली तर?"

"मुलाखत दिली नाही तरी गेल्यासारखीच आहे."

रकियाने दारावरच्या केशरी अक्षरांकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तर ती जास्तच भयंकर वाटत होती. तिने गळ्यातून गोफ काढला. नुहैलाने हात पुढे केला, पण आईने किल्ली मुठीत घट्ट धरली.

"तू नाही. तुला आज बोलायचंय. माझं मेलीचं काय, मी जन्मभर बोलतेच आहे."

"रकिया, वेडी झालीस का!" ताहरा ओरडली.

रकियाच्या हातून किल्ली दोनदा निसटली. मग कागद टरकन फाटला, दार उघडलं आणि ती आत गेली.

आतून काहीच आवाज येईना. बोळातलं गाढवसुद्धा गप्प होतं. ताहराने डोळ्याला ओढणी लावली.

"मी सांगितलं होतं," सी बुश्ता म्हणाले.

"यम्मा?" नुहैलाने हाक मारली. उत्तर नाही.

"कुठल्या गाढवाने हा डबा इथे ठेवलाय?" आतून रकिया कडाडली. तिची वाचा शाबूत होती. भट्टीपर्यंत ऐकू जाईल इतकी शाबूत. "लोडामागे, माझ्या मखमलीवर! आणि लाल-निळे दिवे लावून!"

तिने वायर उपटली. नुहैलाने धडा लावला, आणि तिच्या मांडीवरचा लॅपटॉप स्वतःच्या तोंडाने बोलला: गाय चौथ्या पोटात काय करते ते.

थोरलीच्या साखरपुड्याला कुणा चुलतभावाने गाणी लावायला हा बिनतारी स्पीकर आणला होता आणि याच लॅपटॉपला जोडला होता. नाचगाणं झालं, सगळे घरी गेले, स्पीकर लोडामागे राहिला आणि बैठकीला कुलूप लागलं. काल झाडताना दिवे लावायला रकियाने भिंतीवरची सगळी बटणं दाबली, त्यात याचंही होतं, आणि हा जागा झाला. जाताना तिने झुंबराचं तेवढं बंद केलं, याचं बटण चालूच राहिलं. लॅपटॉपला जुना सोबती सापडला आणि तो त्याला चिकटला. आणि बैठकीत पाऊल टाकायचं नाही हा घरचा नियम, मग बघणार कोण?

"म्हणजे जिन डब्यात होता," सी बुश्ता सावरून म्हणाले. "मी म्हटलंच होतं..."

"सी बुश्ता, चहा घेऊन जा," रकिया गोड आवाजात म्हणाली. "साखर तुम्ही आणलीच आहे."

बोळ खदखदून हसला. सकाळपासून जो बोळ कापत होता, तोच. सी बुश्तांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

बारा वाजता पडद्यावर रबातचे गृहस्थ आले. "आवाज येतोय ना?" त्यांनी विचारलं. "येतोय," नुहैला म्हणाली आणि ताठ बसली.

रकियाने दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसून बायकांना खालच्या आवाजात म्हणाली, "जिन आहेत की नाहीत ते अल्लाह जाणे. पण हा नव्हता. रात्रभर मी त्या भिंतीला भ्याले, आणि किल्ली माझ्याच गळ्यात. आत जातानाही भ्यालेच होते. भ्यायला काही हरकत नाही गं, पण आधी दार उघडून बघावं. फकीह काही पळून जात नाही. आज या कागदापायी माझी पोर घरी बसली असती, आणि मीच तिला बसवली असती."

ताहरा तिच्याजवळ सरकली.

"आमच्या माळ्यावर आठवडाभर कुणीतरी चालतंय," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला बोलले नाही. एकटी असते ना मी."

रकियाने चपला पायात सरकवल्या.

"चल. शिडी आहे ना?"